मागच्या सीटवरचं वजन

रविवारी आमच्या शेजाऱ्याला शोधायचं तर गाडीखाली वाकून बघावं. बाहेर आलेले दोन पाय त्याचेच. कंपनीचं सस्पेन्शन काढून त्यानं बाजारातलं दुसरं अंगणातच बसवलं. कारण एकच: आईला बहिणीकडे पारशिवनीला जायचंय आणि तिच्या कंबरेला खड्डा सोसत नाही.

आता माझं वजन त्याच्या आईएवढं, हा माझा गुन्हा आहे काय? तो मला मागच्या सीटवर बसवतो, गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी नेतो आणि आरशातून विचारतो, "लागलं काय, काका?"

"लागलं!"

की हा पुन्हा पाना घेऊन खाली, मागची स्प्रिंग पिळायला. त्याच्या आईचं राहू द्या, माझीच कंबर कामातून गेली!

परवा मात्र गतिरोधक कधी गेला ते कळलंच नाही. मी आनंदानं ओरडलो, "घेऊन जा गा मायले!"

म्हातारी नवं लुगडं नेसून आली. मागचं दार उघडं पाहून थबकली.

"मागं काहून? मले मळमळते. मी समोरच बसते."

समोर बसली आणि गतिरोधकावर कळवळली. त्यानं तिला अलगद उतरवलं, पाना हातात घेतला आणि माझ्यासाठी समोरचं दार उघडलं.

"बसा, काका."