बिरोबाची तांब्याची माळ

चिमाबाई आमच्या शुक्रवार पेठेत शेळीचं दूध घालायला लागली त्याला आता नऊ वर्षं झाली. चार शेळ्या आणि एक तोंड एवढाच तिचा संसार, असं आमच्या सासूबाई म्हणतात. पण खोकल्यावर दूध मात्र त्यांना तिचंच लागतं. बाई मूळची सांगोल्याकडची, धनगराची. नवरा इथल्या गिरणीत होता, तो मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. लेक वच्छला केमला दिली आहे. चिमाबाई गल्लीतून येते ती डोक्यावर दुधाची चरवी, हातानं लोकर कातत आणि कुणाशी तरी भांडत. भांडायला माणूस नसलं तर शेळीशी.

माझ्या रोजच्या वहीत देवाची तिथी, उपास आणि पोथीचा अध्याय यांच्या खालोखाल तिचंच नाव येतं. पण गेल्या नवरात्रातली गोष्ट चार ओळींत मावली नाही, म्हणून ती इथं सविस्तर लिहिते.

चिमाबाईच्या सासरच्या भावकीत पाच घरं आहेत. इथल्याच गावाबाहेरच्या माळावर त्यांचा बिरोबा आहे. त्याच्यासाठी जुन्या तांब्याच्या शिवराई पैशांना कड्या लावून ओवलेली एकवीस नाण्यांची माळ आहे. दसऱ्याला ती देवाच्या गळ्यात पडते आणि मग वर्षभर एकेका घरी पाळीनं राहते. चिमाबाई विधवा झाल्यापासून तिची पाळी थोरला दीर धुळा परस्पर स्वतःकडे घ्यायचा. त्याआधीच्या दसऱ्याला ही भर भावकीत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या हातची भाकर देवाला चालती, मग माळंला माझं घर का चालत न्हाय?"

शेवटी धुळा म्हणाला, "घेऊन जा. पर म्होरल्या दसऱ्याला अशीच लखलखीत आणायची. काय कमीजास्त झालं तर तुज्या घरची पाळी कायमची गेली. मग बोलायचं न्हाय."

वर्षभर आम्हाला रोज एकच ऐकावं लागलं. "आक्का, माज्या घरी देव ऱ्हायला आलाय." तिनं काही कमी केलं नव्हतं. कोकराच्या जावळाची काळी लोकर, तिला पाणीसुद्धा न दाखवता कातली. तिचं हातभर घोंगडं विणून घेतलं, त्यात माळ गुंडाळली आणि देव्हाऱ्यावर खुंटीला टांगली. निजलेल्या देवाला उठवू नये म्हणून वर्षात एकदाही सोडून पाहिली नाही.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्यासाठी माळ सोडून पाहिल्यावर, ती दूध न घेताच आली. पदराखालचं घोंगडं तिनं ओसरीवर उलगडलं. आतली नाणी तव्यासारखी काळी पडली होती आणि कड्यांपाशी हिरवा बुरा चढला होता.

"देव कोपला, आक्का," ती मटकन खाली बसली. "माजंच पाप हाय. श्रावणात तुमच्या दुदात पानी घातलं. तीन येळा."

"तीनच का?" आतून सासूबाई.

"चार," चिमाबाई रडत म्हणाली. "पर चौथ्यांदा शेळीनंच लाथ मारली, दूध सांडलं, मी काय करू?"

मला हसू आवरेना, आणि तिचं रडं थांबेना. मी माळ जवळ ओढून पाहिली. गाठ सुटू नये म्हणून तिनं माळेची दोन्ही टोकं नवऱ्याच्या जुन्या फेट्याच्या चिंधीत बांधली होती. चिंधी सोडली तर आतली तीन नाणी जशीच्या तशी लाल!

"हे बघ," मी म्हटलं, "देव कोपला असता तर अठराच नाण्यांवर कोपला असता का? या तिघांनी काय पुण्य केलं होतं?"

ती डोळे पुसून वाकली. खूप वेळ पाहिलं.

"लोकर ओल धरते, चिमाबाई. त्यात ही बिनधुतलेली, मेंढीचा सगळा घाम हिच्यात. तांब्याला तो सोसत नाही. सुती चिंधीत होती ती तेवढी राहिली."

"घोंगड्यावर आमचा देव बसतो, आक्का. ते देवाला काळं करील व्हय?"

"देवाला नाही गं, तांब्याला!"

तिला ते पटत होतं आणि पटवून घ्यायचं नव्हतं. मी माझं ताम्हन आणून दाखवलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी ते चिंचेनं घासून तसंच ओलं ठेवलं होतं, चार दिवसांत हिरवं झालं, आणि सासूबाईंनी ते सगळ्या आळीला दाखवलं होतं. "पाच घरांना दाखवलं, आळीला नव्हे," सासूबाई आतून म्हणाल्या.

मग आम्ही बसलो. चिंच आणि मीठ घेऊन एकेक नाणं चोळलं, तीन पाण्यांनी धुतलं, उन्हात पसरलं. अगदी कोरडं झाल्यावर जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसलं. करडईच्या तेलाचं नुसतं बोट फिरवलं आणि तेही फडक्यानं टिपून काढलं. घामट हातानं पुन्हा शिवू नकोस, सुती कापडात गुंडाळ, घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या तांदळात ठेव, असं मी तिला सांगितलं. संध्याकाळच्या दिवाबत्तीआधी माळ अशी झाली की चिमाबाईनं तिला लांबूनच नमस्कार केला.

"झालं," मी म्हटलं. "आता कुणाला काय कळणार आहे?"

"देवाला कळंल की." ती उठली. "काळी झाली व्हती हे मी भावकीला सांगणार. मग पाळी जाऊ दे, न्हाय तर ऱ्हाऊ दे."

मला माझीच लाज वाटली. एवढ्या पोथ्या वाचून मी तिला लपवायला सांगत होते.

दसऱ्याला ह्यांना विचारून मी तिच्याबरोबर माळावर गेले. माळ बाहेर काढताच लोक पुढे झाले. धुळानं ती उन्हात धरली आणि मान डोलावली. तेवढ्यावर सगळं भागलं असतं. पण चिमाबाई म्हणाली, "थांबा भावजी. ही तव्यावानी काळी झाली व्हती. मी चिंचंनं घासून आणलीय." आणि मग घोंगडं, चिंधी, तीन नाणी, सगळं सांगितलं.

धुळाच्या कपाळावर आठी चढली.

"म्हंजे देवाच्या लोकरीला नाव ठेवतीस?"

एवढ्यात त्याची बायको येडूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. ती हसू दाबायला गेली तशी जास्तच हसली.

"धनी, आता सोडा की! आपल्या घरी व्हती तवा दर खेपंला कोण राख घेऊन बसत व्हतं? माजी नखं अजून काळी हायत!"

"आमच्यात माजी सासू ताकात भिजवायची," दुसऱ्या घरची गोजाबाई म्हणाली.

"आमी लिंबू लावायचो," तिसऱ्या घरची म्हणाली.

बाकीची चारही घरं वर्षानुवर्षं देवाला घोंगड्यात गुंडाळत होती, दसऱ्याच्या आदल्या दिवशी दार लावून घासत होती, आणि प्रत्येक घराला वाटत होतं, देव आपल्यावरच कोपलाय. पुरुष एकमेकांकडे बघेनात. मग धुळाच आधी हसला, पोट धरून, आणि सगळा माळ हसला.

"ऐका," तो शेवटी म्हणाला. "आत धोतराचं फडकं, वरनं घोंगडं. देवाचा बी मान ऱ्हाईल, तांब्याचा बी. आन चिमीची पाळी आता कोन काढणार न्हाय. ह्या साली बी माळ तिच्याच घरी. म्होरल्या घरानं आदी तिच्याकडनं शिकायचं, मग न्यायची."

येताना मी एकटीच परतले. चिमाबाईभोवती चार घरच्या बायका गोल करून बसल्या होत्या आणि ती माळ मांडीवर घेऊन त्यांना दरडावत होती, "लांब सरा! आदी हात कोरडे करा, मग इचारा."