गप्प माणसाला फोन करणारे अण्णा

यशवंतअण्णा कांबळे कुठलाही बदल आधी कागदावर छापायचे. निपाणी स्टँडजवळच्या आपल्या टायपिंगच्या दुकानात, खिडकीशी उभं राहून, ओळीखाली स्टीलची पट्टी धरून ते पान वाचायचे. अक्षर मोडलं असेल तिथं लाल गोल. मग चहा. मग पुन्हा तेच पान, या वेळी खालून वर.

"स्क्रीनवर समदं बरोबरच दिसतंय, मास्तर," ते मला म्हणायचे. "कागद काय लपवत न्हाय."

मी बेळगावात, टिळकवाडीत राहतो आणि कॉलेजात संगणक शिकवतो. अण्णा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, शिक्षण दहावीपर्यंत. आमच्या भागात शाळांचे दाखले, सोसायट्यांची इतिवृत्तं, लग्नपत्रिका असा ढीगभर मराठी आणि कन्नड मजकूर जुन्या फॉन्टांत अडकून पडलेला होता. तो मोबाईलवर उघडला की नुसती अगम्य चिन्हं दिसत. तो आजच्या अक्षरांत बदलून देणारा प्रोग्रॅम अण्णांनी स्वतः शिकून लिहिला आणि फुकट, सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही त्यात बदल सुचवावा. तो तपासून आत घ्यायचा अधिकार अण्णांचा. मी त्यांचा पहिला जोडीदार. पुढं पुणे, बेंगळुरू, परदेश असे वीसेक जण जमले.

माणसं वाढली तसा नियम लागला. अण्णांनी तो मराठीत लिहिला: "मोठा निर्णय असेल तर सात दिवस सगळ्यांसमोर ठेवावा. कुणी विरोध केला नाही तर मंजूर. पण सात दिवस संपायच्या आत, जो गप्प आहे त्याला फोन करून विचारावे."

फोनचं कलम कशाला, मी विचारलं. अण्णांनी पट्टी बाजूला ठेवली.

"माझी आई तंबाखूच्या वखारीत हुती. मुकादम सकाळी नवा नियम वाचून दाखवायचा आन म्हणायचा, कुणाची तक्रार? बाया खाली मान घालून गप. मग लिवायचा, सर्वांची संमती. घरी आली की आई रडायची. गप हाय म्हंजे व्हय न्हवं, मास्तर."

पुढं परदेशातल्या मंडळींसाठी नियमांचं इंग्रजी पान मी केलं आणि तेच अधिकृत ठरलं. ते करताना फोनचं वाक्य मी वगळलं. जगभरच्या माणसांना कोण फोन करत बसणार, असं मला वाटलं. अण्णांना सांगितलं नाही. त्यांनी ते पान कधी वाचलं नाही. मी केलंय म्हणजे बरोबर असणार, असं ते धरून चालले.

भांडण झालं ते मेघनामुळे, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. ती बेंगळुरूची, कामाला वाघीण. प्रोग्रॅम कितीतरी पट वेगानं चालेल असा मोठा बदल तिनं पाठवला. अण्णांनी तो दोन महिने अडवला. त्यात कन्नड जोडाक्षरांचा खालचा भाग कुठं कुठं गळत होता, आणि ते पानामागून पान छापून लाल गोल करत होते. मेघनानं सगळ्यांसमोर लिहिलं, "हा प्रकल्प आहे की एका माणसाचं दुकान?" अण्णांनी उत्तर दिलं, "दुकानच हाय. गिऱ्हाईक आल्यावर कळंल तुला." लोक हसले. ती हसली नाही. महिन्याभरात निर्णय झाला नाही तर सगळ्याची नक्कल घेऊन वेगळा प्रकल्प काढते आणि निम्मी माणसं घेऊन जाते, असं तिनं मला कळवलं.

मी घाबरलो. त्याच आठवड्यात अण्णांचा फोन आला. मागं बसचा आवाज होता.

"मास्तर, माझ्या थोरल्या भनीचं, आक्काचं काय खरं न्हाय. कणकुंबीला चाललोय. तितं रेंज न्हाय, आठ-धा दिवस मी न्हाय म्हणूनच समजा. त्या पोरीचं आल्यावर बघू. घाई करू नगा."

"निवांत जावा, अण्णा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रस्ताव टाकला. बदल स्वीकारायचा अधिकार अण्णांकडून काढून तिघांच्या समितीकडे द्यावा: मी, मेघना आणि पुण्याचे एक गृहस्थ. मुदत सात दिवस.

ते सात दिवस मला दिवसागणिक आठवतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, अण्णांचं काय म्हणणं? मी लिहिलं, "त्यांनी अजून काही कळवलेलं नाही." यातला शब्दही खोटा नव्हता. पाचव्या दिवशी मी गाडीची किल्ली घेऊन खाली उतरलो. जांबोटीमार्गे कणकुंबी दीड तास. पेट्रोल भरलं आणि घरी परत आलो. आठव्या दिवशी प्रस्ताव मंजूर झाला आणि त्याच संध्याकाळी मेघनाचा बदल आम्ही आत घेतला.

आक्कांचं दिवसकार्य उरकून अण्णा परतले आणि दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी मला फोन लावला.

"मास्तर, माझा पासवर्ड चुकतोय काय बघा की. आत घेत न्हाय."

मी समितीचं सांगितलं. सात दिवस दिले होते, म्हणालो.

मग ते म्हणाले, "मी कुटं हुतो, तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

"ग्रुपवर टाकलं होतं, अण्णा."

"बरं."

एवढंच. ते चार ओळी लिहिते, तर विसातले पंधरा जण त्यांच्या बाजूनं उभे राहिले असते. त्यांनी लिहिल्या नाहीत. इतरांसारखेच साध्या सूचना पाठवू लागले. प्रत्येकीसोबत लाल गोल केलेल्या पानाचा फोटो. त्या स्वीकारायचं काम माझं होतं. अण्णांचं नाव दिसलं की मी ती न उघडताच खाली जाऊ द्यायचो. उघडली असती तर चूक त्यांनी बरोबर धरली आहे हे दिसलं असतं, आणि ते मान्य करायचं तर मागचं सगळंच मान्य करावं लागलं असतं. एकदा दुपारी त्यांचा फोन आला. मी स्क्रीनवरचं नाव बघत राहिलो. वाजायचा थांबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

पुढं मेघनाला दुसरी नोकरी लागली आणि ती निघून गेली. पुण्याचे गृहस्थ नावापुरतेच होते. लोकांचे दाखले गळक्या जोडाक्षरांसकट बाहेर पडत होते आणि प्रकल्पाच्या किल्ल्या माझ्या एकट्याकडे होत्या.

अण्णा दुकानातच, पान वाचता वाचता गेले. मी निपाणीला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनींनी मला पाणी दिलं.

"मागं एकदा दुपारभर फोन घिऊन बसलते तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "जेवा म्हटलं तर म्हणाले, मास्तरला ईचारल्याबिगर पुढं जाता येत न्हाय. काय ईचारायचं हुतं वं?"

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.

घरी येऊन पडून राहिलेल्या सूचना एकेक उघडत गेलो. सगळ्यात खाली एक होती, तिला फोटो नव्हता. नियमांच्या पानावर एकच वाक्य परत घालावं, एवढीच. जो गप्प आहे त्याला फोन करून विचारावे. म्हणजे इंग्रजी पान शेवटी त्यांनी वाचलं होतं. माझ्याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. मी फोनमधली जुनी यादी काढून तारीख पाहिली. न उचललेले दोन्ही कॉल सूचना टाकल्यापासून सहाव्या दिवशीचे.

सात दिवसांत तिला कुणीही विरोध केला नव्हता. माझ्या इंग्रजी पानाच्या नियमानं ती केव्हाच मंजूर झाली होती. आठव्या दिवशी अण्णांनी खाली लिहिलं होतं:

"मुदत संपली. मास्तर गप्प आहेत. दोनदा फोन केला, उचलला नाही. म्हणून मंजूर धरत नाही. थांबतो."

शेजारी मंजुरीचं बटण आहे. रोज ते पान उघडतो. "थांबतो"पर्यंत वाचतो, आणि बंद करतो.