डब्याचे मामा

डब्याचे मामा कीबोर्डला सगळ्यात शेवटी हात लावायचे. 'डबा उघडत नाही' अशी कितीही बोंब झाली तरी ते आधी खुर्ची ओढून डब्यासमोर बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि त्याच्या दिव्यांकडे बघत राहत. आमच्या टॉवेलच्या कारखान्यातली सगळी डिझाइनं ज्या एका यंत्रात साठवलेली असत, त्याला आम्ही डबा म्हणायचो. डिझाइन विभागातले आम्ही पाच जण आपापल्या कॉम्प्युटरवरून त्यातल्याच फाइली काढायचो आणि त्यातच ठेवायचो. तो अडला की सगळेच अडलो.

मामा केम गावचे. निम्मं आयुष्य टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर कारखान्यात आले आणि डब्याचं सगळं शास्त्र स्वतःच्या हिमतीवर शिकले. रोज रेल्वेने सोलापूरला येत. गाडीला उशीर झाला की दुपारपर्यंत त्यांच्या वाटेला जायची कोणाची टाप नसे.

आमचा पहिला संशय कायम पासवर्डवर. एकाने तर चुकीचा पासवर्ड इतक्या वेळा हाणला की डब्याने त्याला तासभर दाराबाहेर उभं केलं. मामा म्हणाले, "पावना दारापतुर पोचलाय का, ते बगा की आदी. पोचल्यावर मग वळख. तुमी वाटंवरच वळख दाखवाय लागलाय." दिवा, वायर, डब्याचा नेटवर्कवरचा पत्ता आणि मग पासवर्ड, हा त्यांचा क्रम ठरलेला होता. साहेब उभे असोत की शिपाई, तो बदलत नसे.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. मागवाले माग पुसतात, तशा आम्हीही सगळ्या वायरी काढल्या, धूळ झटकली, डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि वायरी परत जोडल्या. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर डबा कोणाच्याच कॉम्प्युटरवर दिसेना. त्याच दुपारी परदेशी गिऱ्हाइकाला नवे नमुने पाठवायचे होते. आमचे मालक अण्णा कुणा तंत्रज्ञाशी फोनवर बोलत, हातात टाचणी घेऊन डब्यामागचं रीसेटचं भोक शोधत होते. तेवढ्यात मामा आले.

"अण्णा, टाचनी ठिवा बाजूला," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. डब्याचे दिवे ठीक होते. मग ते सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीकडे वळले. तिचे सगळे दिवे एकदम थयथयाट करत होते. "नवमीला हितं काय काय हललं?" पूजेला दोष कोण देणार? मामा आमच्याकडे न बघताच म्हणाले, "कुनी केलं ते नगं मला. काय केलं तेवडं सांगा."

माझी नोकरी दोन महिन्यांची. कायम झालेली नव्हते आणि कुर्डुवाडीला धाकट्या बहिणीचं कॉलेज माझ्या पगारावर चाललेलं. पूजेनंतर एका वायरीचं टोक लोंबताना मला दिसलं होतं. मला पसारा सहन होत नाही. मी ते पेटीतल्या रिकाम्या खाचेत बसवून टाकलं होतं. तरी सांगितलं.

मामांनी ती वायर बोटांनी चाचपत शेवटपर्यंत नेली. तिची दोन्ही टोकं त्याच पेटीत होती. "पेटी सवताशीच बोलत बसलीया. तुमचं कवा ऐकनार?" त्यांनी एक टोक उपसलं. दिवे निवले आणि मिनिटभरात डबा सगळ्यांना दिसू लागला.

अण्णांचा राग मात्र निवला नाही. "पूजा करायला सांगितली, तर हिनं कारखानाच थांबवला. उद्यापासून येऊ नको."

"अण्णा," मामा वायर गुंडाळत म्हणाले, "ही बोलली म्हनून धा मिंटात काम झालं. हिला काडलं तर फुडच्या खेपंला मला कोन सांगंल?"

अण्णा खाली गेले. पुढच्या महिन्यात मला कायम केलं. त्यानंतर प्रत्येक दुरुस्तीला मामा मला शेजारी बसवू लागले. शिकवणं म्हणजे काय, तर मी चुकले की 'हं' म्हणायचे आणि मला तिथेच सोडून चहाला जायचे. परत येईपर्यंत मला सापडलेलं असायचं.

डोळ्यांनी दगा दिला तसं मामांनी स्वतःच थांबायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी त्यांनी डब्याचा सगळा कारभार माझ्या नावावर केला. मी पासवर्ड टाकत होते तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "आता माजं खातं बंद करा, ताई."

"राहू द्या की मामा. कधी लागलं तर?"

"लागलं तर तुमी हाय की."

मी बंद केलं. मामा खुर्चीत बसले, एका बोटाने आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. इतकी वर्षं सांभाळलेल्या डब्याने त्यांना आत घेतलं नाही. "बराबर," ते म्हणाले आणि जेवणाची पिशवी उचलून गाडी गाठायला निघाले. मला रडू आवरेना. कामाच्या जागी रडलेलं त्यांना खपत नसे, म्हणून मी वळून पाहिलं नाही.

नियमाप्रमाणे, काम सोडून गेलेल्या माणसाचं बंद केलेलं खातं महिन्याभराने पुसायचं असतं. डब्यावरच्या बाकी सगळ्यांना मी हा नियम लावते.