आत्याच्या उरलेल्या गाठी

मालू आत्या गेल्याचा फोन अनसिंगहून आला तेव्हा मी जेवत होतो. खरं सांगायचं तर घास अडला नाही. अडायला हवा होता, पण आमचं जन्मापासून वाकडं… म्हणजे माझ्या जन्मापासून. त्या भांडणात मी साक्षीदार नाही, थेट आरोपी. गुन्ह्याच्या वेळी वय शून्य.

पन्नासच्या दशकात आत्या बडोद्याला विद्यापीठात कापडावरची नक्षी शिकत होती. बाकावर बसून नव्हे; मागावर बसून, रंगाच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून. सुट्टीत ती निळे हात घेऊन आली, की माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, भाजीच्या वाफ्यातूनच ओरडायचे, "रंगारी तं मालेगावच्या बाजारातबी बसते. त्याच्यासाठी इद्यापीठ कायले पायजे वं?" नापास झालीस तर कायमची घरी, ही अट त्यांचीच. आणि तिथे नुसते पेपर लिहून भागत नसे, हातचं काम दाखवावं लागे. शेवटच्या वर्षी त्या कामासाठी आत्या अख्खी दिवाळीची सुट्टी बांधणीचं कापड बांधत बसली. ज्वारीचा एकेक दाणा कापडात धरायचा, दोऱ्यानं आवळायचा. परत जाऊन रंगात बुडवलं की गाठीखाली पांढरा ठिपका राहतो. घरचे म्हणत, "पोट्टी नायी, नमुना हाय नमुना!"

सुट्टी संपता संपता माझ्या आईला कळा सुरू झाल्या. मी आडवा. (पुढेही आडवाच राहिलो, असं बायको म्हणते.) आमच्याकडे बाळंतीण अडली की घरातल्या गाठी सोडतात. सुईण आतून ओरडली, "सोडा वं साऱ्या गाठी!" पोत्यांची तोंडं सुटली, जनावरांची दावी सुटली, बायकांचे अंबाडे सुटले. आणि आत्याचं कापड… त्याच्याही गाठी सुटू लागल्या, ज्वारी घरभर सांडली. अर्ध्या सुटल्या आणि मी रडलो. हात तिथेच थांबले.

अर्धं कापड घेऊन गेलेली आत्या नापास होऊन परत आली, ती कायमची. मला तिनं कधी नावानं हाक मारली नाही. "ए गाठीसोड्या!" एवढंच. मीही तिच्या पाया कधी पडलो नाही.

त्या गाठी आजीनं सोडल्या, असं घरात सगळे सांगत. शेवटच्या भेटीत मी विचारलंच, "आत्या, सोडल्या आजीनं, मग राग माह्यावर काहून?"

"तुह्या आजीले दिसत होत्या काय त्या बारीक गाठी?" ती खाटेवरून खेकसली. "मीनं सोडल्या. तुही माय वरडून राह्यली होती…" तिनं मला नीट खालीवर पाहिलं. "अन् निंगालं काय? हा नमुना!" आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेराव्याला तिच्या पेटीतलं ते कापड माझ्या पदरात पडलं. अर्धं चुरगळलेलं, अर्धं अजून गाठींचं, रंग न लागलेलं. आतली ज्वारी किडीनं कधीच खाल्ली. झटकलं की पीठ गळतं. गाठी मात्र घट्ट. परवा बायको म्हणाली, "लेक बाळंतपणाला आली आहे. उरलेल्या सोडून टाका."

"हात नोका लावू त्या कापडाले!" मी खेकसलो, आणि माझा मीच दचकलो. आवाज आत्याचा होता. लेक अडलीच तर मीच सोडीन म्हणा… पण मग जो काही नमुना निघेल, त्याला ते जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.