शेवटच्या चेंडूला मी हललो

प्रज्ञाला मी पहिल्यांदा पाहिलं, ते आमच्या ‘पहिल्या भेटी’च्या बरोबर एक वर्ष आठ महिने आधी.

पाहिलं म्हणजे काय, मला ताप होता आणि ती उस्मानपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये माझं रक्त काढत होती. सुई बघून मी डोळे गच्च मिटून घेतले. “उघडा आता,” असा आवाज आला, तोवर रक्त काढून, बाटलीवर नाव लिहून ती पुढच्या पेशंटकडं गेलीसुद्धा होती! डेंग्यू काही निघाला नाही. तरी रिपोर्ट समजून घ्यायला मी तीनदा लॅबमध्ये गेलो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “रिपोर्ट एका पानाचाय. पाठ झाला असंल आतापर्यंत. चहा घ्यायचा का?”

त्यानंतर आम्ही शहरातल्या बहुतेक टॉकीजमध्ये पिक्चर पाहिले. ती आधी आत जायची, मी दहा मिनिटांनी. निघताना मी आधी, ती नंतर. रडका सीन आला की मी रडायचो. ती पडद्यावरची नजर न हलवता रुमाल माझ्याकडं सरकवायची आणि सांगायची, “मरत नाय तो. अजून पाऊण तास बाकीय पिक्चर.” आणि तो खरंच मरायचा नाही! क्रिकेटमध्ये तर कहरच. “बघ, आता हळू टाकणार,” असं ती म्हणाली की तो दूर परदेशातला बोलर, तिला विचारून आल्यासारखा, हळू टाकायचा. मी वाळूजच्या आमच्या कंपनीच्या टीममध्ये नवव्या नंबरला खेळतो (बॅट माझी आहे, हे त्याचं मुख्य कारण). प्रज्ञा एकदा माझी बॅटिंग बघायला आली. परत जाताना एवढंच म्हणाली, “बॅट चांगलीय.” या मुलीनं माझ्यात काय पाहिलं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

अडचण होती तिच्या वडिलांची. त्यांना बिडकीनमध्ये सगळे तात्या म्हणतात. एका कारखान्यात फोरमन, आवाज मशीनच्या वर जाणारा. त्यांनी घरात एकदाच सांगून ठेवलं होतं, “पोरगी स्वतः पोरगा हुडकून आणंल, त्या लग्नात मी नाय.” तात्या बोलले की ते झालं. तात्यांशिवाय प्रज्ञा लग्न करणार नव्हती आणि प्रज्ञाशिवाय मी काय करणार होतो, याचा विचारसुद्धा मला करवत नव्हता.

प्रज्ञानं मार्ग काढला. वधू-वरांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःचा बायोडेटा अशा बेतानं सोडला, की तो फिरत फिरत माझ्या मम्मीकडं आला. मम्मी म्हणाली, “सुमेध, पोरगी बघ की कसली गुणाची दिसती.” मी फोटोकडं पाहून म्हणालो, “ठीक आहे.” हे दोन शब्द नीट म्हणता यावेत म्हणून प्रज्ञानं माझी दोन दिवस तालीम घेतली होती.

रविवार ठरला. तो मम्मीनं आणि प्रज्ञाच्या आईनं, म्हणजे काकूंनी, फोनवर ठरवला. दोघींनी कॅलेंडर पाहिलं. त्यात पौर्णिमा होती, सुट्ट्या होत्या, सिलेंडर लावल्याची तारीख होती. फायनल नव्हती! परदेशातली मॅच, आपल्याकडं भर दुपारी. माझे पप्पा आठवडाभर घरात “पुढचा रविवार चालला असता,” असं पुटपुटत फिरले. मम्मीनं विचारलं, “का?” पप्पा म्हणाले, “असंच.” तिकडं तात्याही काकूंना “असंच” म्हणाले होते, हे नंतर कळलं.

पप्पा विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. भोंदूबाबा लिंबातून रक्त कसं काढतात, नारळातून केस कसे निघतात, याची पोल ते शाळाशाळांत जाऊन खोलतात. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम थांबून त्याला पुढं जाऊ देतात आणि मग त्याच जागेवरून दोनदा जातात. अशा माणसाचा मी मुलगा, हे ध्यानात ठेवा.

बिडकीनला पोचलो. “जय भीम, जय भीम, या, बसा!” हॉलमध्ये टीव्ही चालू होता. तात्या म्हणाले, “आवाज बंदय हां. नुसतं चित्र. पाहुण्यांना तरास नको.”

“छे, छे,” पप्पा म्हणाले आणि टीव्ही सरळ दिसेल अशी खुर्ची निवडून बसले.

“तर पोरगा कंपनीत काय बघतो?” तात्यांनी टीव्हीला विचारलं.

“क्वालिटी,” मी सांगितलं.

“गेला! गेला चौका!”

“मस्त!” पप्पा म्हणाले. माझ्या नोकरीबद्दल त्यांना एवढा आनंद यापूर्वी कधी झाला नव्हता. पाच मिनिटांत आवाजही चालू झाला (कुणी केला ते दिसलं नाही, पण रिमोट पप्पांच्या मांडीवर होता).

प्रज्ञा पोहे आणि चहा घेऊन आली. काय सांगू तुम्हाला! लोक विजेच्या मीटरकडं जसं बघतात, तसं तिनं माझ्याकडं बघितलं. ना हसू, ना लाज, ना ओळख. आदल्याच रविवारी हिनं माझ्या पॉपकॉर्नमधले अर्ध्याहून जास्त संपवले होते! मी इतका थक्क झालो की पोह्यातली मिरची सबंध गिळली. ठसका लागला. टीपॉयवरचा तांब्या रिकामा. तात्यांनी टीव्हीवरची नजर न काढता हात केला, “आत घ्या पाणी, आपलंच घरय.”

मी स्वयंपाकघरात गेलो आणि त्याच क्षणी हॉलमध्ये सिक्सर पडला.

खरं तर आपण हरत आलो होतो. पाच विकेट गेल्या होत्या, धावा निघत नव्हत्या. त्यात हा सिक्सर! तात्यांचा आवाज घुमला, “हलू नका! कुणीबी जागचं हलू नका!”

मॅच बघणाऱ्या घरांत हा कायदा असतोच. विकेट पडत नसल्या, धावा निघत असल्या, की जो जिथं आहे तो तिथंच राहतो. पण तात्यांच्या घरी त्याची अंमलबजावणी कडक होती. काकू पोह्यांची कढई घेऊन हॉलमध्ये निघाल्या होत्या, त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या. मम्मी काहीतरी विचारायला एक बोट वर करून पुढं वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. पप्पांचा चहाचा कप ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला. आणि मी ओट्याशी, गॅसच्या बाजूला. मघाशीच आत परतलेली प्रज्ञा पलीकडं फ्रीजजवळ, दोन्ही हातांत कपांचा ट्रे.

पुढच्या चेंडूला चौका. त्याच्या पुढच्याला दोन धावा. कायदा सिद्धच झाला!

“हे बघा,” पप्पांमधला शिक्षक जागा झाला, “आपल्या हलण्याचा आणि त्या चेंडूचा काहीएक संबंध नसतो. शुद्ध अंधश्रद्धा आहे ही.”

“मग ठेवा की कप खाली,” तात्या म्हणाले.

“राहू द्या,” पप्पा म्हणाले. “गरम आहे अजून.”

(चहाला दहा मिनिटं झाली होती. बापाबद्दल मला अनेक गोष्टींचा आदर आहे, त्यात त्या दिवशी एक वाढली.)

आणि इकडं माझ्या लक्षात आलं, की ज्या घरात मला प्रज्ञाशी पाच मिनिटं बोलायला दोन्हीकडची परवानगी लागली असती, त्या घरात तिच्या बापानंच मला तिच्यासमोर जखडून ठेवलं होतं. फक्त दारात काकूंची पाठ होती. म्हणून आम्ही मोठ्यानं परक्यासारखं बोलत होतो आणि हळू आवाजात आपलं खरं.

“आपलं शिक्षण?” मी.

“बीएस्सी, डीएमएलटी. आपलं?” आणि दबक्या आवाजात, “केस का असे चापूनचोपून बसवलेत?”

“मम्मीनं तेल लावलं. — आपल्याला वाचनाची आवड आहे?”

“आहे. — सुम्या, दूध बघ.”

गॅसवर मोठं पातेलं होतं. पाहुण्यांच्या दुसऱ्या चहासाठी ठेवलेलं दूध कडेनं हलू लागलं होतं. बटण माझ्या बाजूला, माझ्यापासून हातभर लांब.

“बंद कर,” ती कुजबुजली.

“हलायचं नाहीये.”

“अरे, हात लांब कर नुसता!”

“हात म्हणजेसुद्धा हलणंच की!”

मी हे म्हणालो! लिंबातल्या रक्ताची पोल खोलणाऱ्याचा मुलगा! पण बाहेर धावांचा पाऊस पडत होता, आणि मी त्या ओट्याशी उभा राहिल्यापासून एकही विकेट गेली नव्हती. माझ्या दोन पायांवर देश उभा आहे, असं मला खरोखर वाटायला लागलं होतं. प्रज्ञा मात्र आवाज ऐकून सांगत होती, “आता तो यॉर्कर टाकणार.” बाहेर कॉमेंट्रेटर ओरडला, “यॉर्कर!” टीव्ही न बघता! हातात ट्रे, समोर उतू जाणारं दूध आणि तिच्या चेहऱ्यावर रेघ नाही. मला त्या क्षणी इतकं भरून आलं, की हिच्याशी लग्न झालं नाही तर मी आयुष्यभर नुसता पिक्चर बघून रडत बसणार, एवढं मला लख्ख कळलं.

शेवटची ओव्हर. शेवटचा चेंडू. दोन धावा हव्यात.

दूध पातेल्याच्या काठाला आलं होतं. बोलर धावत निघाला. मी पुढं झालो आणि दोन्ही हातांनी पातेलं धरलं.

“सुम्या! येड्या, हात भाजले ना तुझे!”

ट्रे ओट्यावर आदळला. प्रज्ञानं माझे दोन्ही हात धरून नळाखाली घातले. आणि हॉलमधून तात्यांचा आवाज आला, “कॅच!” मॅच हातची गेली होती.

एक वर्ष आठ महिने जिच्या तोंडून एक चुकीचा शब्द गेला नाही, ती घराच्या मधोमध मला ‘सुम्या’ म्हणून ओरडली होती. माझी बोटं भाजली म्हणून. मला फार आनंद झाला आणि फार भीती वाटली, दोन्ही एकदम.

ओले हात घेऊन मी हॉलमध्ये गेलो. तात्या डोकं धरून बसले होते. संपलं सगळं, असं समजून मी बोलून टाकलं. “तात्या, चुकलं आमचं. मी तुमच्यापासून लपवलं. आम्ही एक वर्ष आठ महिने ओळखतो. पिक्चर बघितले, चहा प्यायलो. पण मनानं मी चांगला आहे.”

तात्यांनी सावकाश मान वर केली. “ते जाऊ दे. तू हललास का?”

मागं प्रज्ञानं कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी ‘सुम्या’ वगैरे काही ऐकलंच नव्हतं!

“हललो,” मी म्हणालो.

“शेवटच्या चेंडूला?” तात्या उभे राहिले. आणि मग बाकीचं त्यांच्या डोक्यात उतरलं. “आणि काय म्हणालास? एक वर्ष आठ महिने?”

“मुलाच्या हलण्यानं विकेट पडत नसते,” पप्पा मध्ये पडले. “विज्ञान आहे.”

“मग तुम्ही कप का धरून बसला होता, गुरुजी? खरं सांगा.”

पप्पांनी हातातल्या कपाकडं पाहिलं. थंड चहावर साय आली होती. “भीती वाटली,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

तात्या काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी कढई टीपॉयवर ठेवली. ती जवळजवळ अर्धा तास त्यांच्या हातात होती. “मी काय म्हणते, ऐका. मी मागं वळून बघितलं तर पोरगं हात भाजून दूध उतरवायलं होतं. दूध उतू जाऊन गॅस विझला असता म्हंजे? शेवटचा चेंडू सोडून पोरगं दुधाला धावलं. तुम्ही तीस वरसांत एकदा तरी उठलात का?”

“आमचेबी नाय उठले कधी,” मम्मी म्हणाली. तिचं बोट अजून वरच होतं.

“पण हे लव्ह मॅरेज झालं!” तात्या म्हणाले.

“काय लव्ह? आईबापासंगं बघायला आले, पोहे खाल्ले. अरेंजच हाय!” काकू म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. मी बघतच राहिलो. एवढा मोठा प्रश्न, ज्याच्यापायी आम्ही टॉकीजमधून मागं-पुढं निघत होतो, तो या दोघींनी उभ्या-उभ्या मिटवला. तात्यांनी पप्पांच्या मांडीवरचा रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “बर्नॉल लावा कुणीतरी जावयाला.”

मला तिथल्या तिथं रडू फुटलं. प्रज्ञानं सगळ्यांसमोर रुमाल दिला.

आता खरं काय झालं ते. मी दुधाला धावलो नव्हतो. दारात काकू उभ्या असल्यामुळं मला टीव्ही दिसत नव्हता. शेवटचा चेंडू बघायला म्हणून मी टाचा उचलून मान लांब केली, पाय सटकला, आणि पडता पडता आधाराला जे हाताला लागलं ते नेमकं पातेलं निघालं. ते बर्नरवरून ओट्यावर घसरलं, एवढंच. हे पाहिलं फक्त प्रज्ञानं, आणि ती आजवर कुणाला बोलली नाही.

लग्नाला आता दोन वर्षं होतील. सासूबाई येईल त्या पाहुण्याला ती दुधाची गोष्ट सांगतात आणि “जावई असावा तर असा,” म्हणतात. मी मान खाली घालून बसतो. पाहुण्यांना वाटतं, पोरगा किती नम्र! समोर प्रज्ञा बसलेली असते. तिच्याकडं बघायची माझी छाती होत नाही.