खिशातला आवळा

माझं तोंड वाईट, हे सगळ्या शिवाजी पेठेला ठाऊक आहे. फुटबॉलची मॅच असली की समोरच्या पेठेच्या पोरांना शिव्या द्यायचोच, आपल्यांनाही सोडायचो नाही. भांडणं पार दारापर्यंत यायची. म्हणून बायको मीठ लावून वाळवलेल्या आवळ्याच्या फोडी माझ्या खिशात टाकायची. म्हणायची, "शिवी आली की ही चघळा. दोन्ही एकदम मावत न्हाईत तोंडात."

निम्म्या वेळेला फोडी तशाच परत यायच्या. सदरा धुताना तिला सापडायच्या. दुसऱ्या दिवशी बरणीतल्या नव्या फोडी खिशात असायच्या.

फाल्गुनात ती गेली. घरात ओरडायला कोण उरलं नाही. मुलगा-सुनेवर काय ओरडायचं? नात तेरा वर्षांची. यंदा देशभरच्या पोरींची लीग चालू झाली, त्यात आमच्या कोल्हापूरच्या संघात ती निवडली गेली. मग माझा सगळा आवाज तिथं निघायला लागला. डावीकडं दे. मार. अगं, मार की.

दुसऱ्या मॅचनंतर कोचबाई आल्या. माझ्या सुनेच्या वयाच्या. म्हणाल्या, "आबा, तुम्ही वरडलासा की ती बॉल सोडून तुमच्याकडं बघती. तिला तिच्या डोळ्यानं खेळू दे. परत वरडलासा तर मी तिला भाईर बशिवणार."

तुमच्या जन्माआधीपासून फुटबॉल बघतोय, असं मी सुनावलं. त्या म्हणाल्या, म्हणून तर सांगायला आले.

नात वाटभर माझ्या पुढनं चालली. दारात बूट सोडताना म्हणाली, "आबा, पुढच्या मॅचला येऊ नका."

तरी गेलो. जाताना फळीवरची आवळ्याची बरणी उघडली. बायको गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. दोन फोडी खिशात टाकल्या आणि लांब, भिंतीकडेला उभा राहिलो.

उत्तरार्धात बॉल नातीकडं आला. दोघी तिच्या अंगावर. डावी बाजू सगळी मोकळी. हाक गळ्यापर्यंत आली, तशी फोड तोंडात कोंबली. आंबट-खारट. डोळ्यांत पाणी आलं.

नातीनं डावीकडं दिलाच नाही. उजवीकडनं एक पोरगी पळत येत होती, ती मला दिसलीच नव्हती. बॉल तिच्या पायात. तिचा फटका खांबाला लागून बाहेर गेला, पण पास बरोबर होता.

मॅच संपल्यावर नात भिंतीपाशी आली. "आला हुता व्हय? आवाज न्हाई आला ते."

मी दुसरी फोड तिच्या हातावर ठेवली. तिनं वास घेतला. "आज्जीचा हाय न्हवं?" म्हणाली आणि तोंडात टाकली.

बरणीत आता चार-पाच फोडी असतील. मॅचा त्याहून जास्त आहेत. पुढं तोंड माझं मलाच धरायचं आहे.