भर सेमिनारमध्ये मराठीत

गटातल्या डॉक्टर मित्रांनो, आज सकाळी देवपूजा उरकून मी दवाखान्याऐवजी वाशीला गेलो. आम्हा फॅमिली डॉक्टरांसाठी यकृताच्या आजारांवर सेमिनार होता.

डोक्यात दिवाळे गावच्या एक मावशी होत्या. त्यांच्या सुनेला हिपॅटायटिस बी निघालाय आणि बाळंतपण तोंडावर आलंय; काळजीनं ती धड जेवतही नाही. काल त्यांनी विचारलं, "डाक्टर, बालाला आईचा दूध द्याचा का नाय?" मला खात्रीनं सांगता येईना.

पण सेमिनारमध्ये सगळे इंग्रजीतच विचारतात. गावच्या शाळेत शिकलेला मी नेहमी गप्पच बसतो.

शेजारच्या डॉक्टरांना अडचण सांगितली तर ते म्हणाले, "अहो, जेवणाच्या रांगेत गाठा वक्त्यांना."

"तिथं ते श्रीखंडाकडे बघतील, माझ्याकडे नाही!" असं म्हणून मी उठलो आणि सरळ मराठीत विचारलं.

वक्ते हसून मराठीतच म्हणाले, "जन्मताच बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्या, मग आईला खुशाल पाजू दे." त्यानंतर मागच्या रांगेतून मराठी प्रश्नांची झुंबडच उडाली!

तुमच्यापैकी किती जण असे गप्प बसता?

संध्याकाळी दिवाळ्याला जाऊन निरोप दिला. मावशी म्हणाल्या, "बरा झाला, आता सून जेवंल तरी."

आपल्या भाषेत विचारायचं, हे कित्येक वर्षं ठरवत होतो. आज विचारलं.